अंगावर काढू नका

(मंडळाच्या मदतनिधीसाठी झालेल्या कार्यक्रमात आरोग्य समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बाजूने बटाटेवड्यांचा वास सुटलेला आहे आणि आम्हाला मधुमेहावर बोलायला उभं केलं आहे. कार्यकारिणीचं हे नियोजन पाहून आम्ही थक्क झालो! तरी लांबण न लावता बोलतो.

आम्ही म्हणजे आरोग्य समितीचे पाच जण. चार सिस्टर आणि एक ब्रदर. कोणी मिरजेला शिकलं, कोणी नागपूरला, कोणी मुंबईला. आता लंडनच्या आसपास नोकरी करतो. एक जण हृदयरोगाच्या वॉर्डात, एक टीबीच्या क्लिनिकमध्ये, एक बाळंतपणाच्या विभागात, एक जी.पी.च्या दवाखान्यात आणि एक घरोघरी जाऊन आजारी माणसांना पाहणारी. आमच्यात डॉक्टर कोणी नाही, त्यामुळे औषध सुचवणार नाही. नवीन आलेल्या आपल्या माणसांना काय होतं आणि ते वेळेवर कसं ओळखायचं, एवढंच सांगणार आहोत.

परदेशी आलेला माणूस आणि त्याची तब्येत हा विषय निघाला की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवतातच. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी बोटीने अमेरिकेला गेली. तिकडची थंडी, परका आहार, अभ्यासाचा ताण. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी परत आल्या त्या क्षयाने पोखरूनच. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. आज आहे. म्हणून आज आपल्यापैकी कोणी या आजारात उशिरा पोहोचलं, तर त्याचा दोष काळावर ढकलता येत नाही.

हे आम्ही आमच्या चुकीवरून सांगतो आहोत. काही वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात एक तरुण मुलगा आमच्याबरोबर आरतीला उभा होता. इकडे येऊन दीड वर्ष झालेलं, संगणकाची नोकरी, पाच जणांत मिळून घेतलेलं घर. आरती म्हणताना त्याला खोकल्याची उबळ येत होती. अंगही उतरलेलं दिसत होतं. आमच्यातल्या एकीने त्याला विचारलं, "काय रे, किती दिवस खोकतोयस?" तो म्हणाला, "हवा बदललीय ना ताई, होईल बरं." आणि आम्ही काय केलं? आल्याचा चहा घे, हळद-दूध घे, असं सांगून प्रसाद हातावर ठेवला. पाच शिकलेल्या नर्स तिथे हजर होत्या, मंडळी!

दिवाळीनंतर त्याला खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा तो रुग्णालयात गेला. फुप्फुसाचा टीबी निघाला. तीन महिने तो अंगावर काढत होता. का, तर टीबी निघाला तर व्हिसा रद्द होईल, नोकरी जाईल आणि घरमालक बाहेर काढेल, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. त्याच घरातल्या एका मित्राची बायको गरोदर होती. सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. देवाच्या दयेने ती आणि बाळ दोघंही सुखरूप राहिले. मुलगाही सहा महिन्यांच्या औषधाने पूर्ण बरा झाला. पण आम्हाला तो आल्याचा चहा अजून विसरता येत नाही. ही समिती आम्ही स्थापन केली ती त्यानंतरच.

आता त्यातली नीट माहिती ऐका. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येताना छातीचा एक्स-रे काढावा लागतो. बरेच जण समजतात, आपला दाखला झाला, म्हणजे आपल्याला टीबी नाही आणि होणारही नाही. पण एक्स-रे त्या दिवसापुरतं सांगतो. टीबीचे जंतू शरीरात झोपून राहू शकतात. त्या अवस्थेत खोकला नसतो, ताप नसतो, एक्स-रेही स्वच्छ येतो आणि दुसऱ्याला लागणही होत नाही. असे झोपलेले जंतू काही जणांच्या बाबतीत पुढे जागे होतात, आणि नवीन देशातली पहिली काही वर्षं त्या दृष्टीने सांभाळण्याची असतात. झोपलेला टीबी रक्ताच्या चाचणीने कळतो आणि तीन किंवा सहा महिन्यांच्या औषधाने त्याचा बंदोबस्त होतो. इंग्लंडच्या ज्या भागांत टीबी जास्त आहे, तिथे २०१५ पासून अशा तपासणीची योजना सुरू झाली. भारतासारख्या देशांतून गेल्या पाच वर्षांत आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांसाठी ती होती. असं पत्र घरी आलं तर जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नका.

तीन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काही असेल तर जी.पी.कडे जाऊन स्पष्ट म्हणायचं, "मी भारतातून आलोय, मला टीबीची शंका आहे." आपल्या लोकांत तो मानेच्या गाठींत किंवा मणक्यातही होतो, तेव्हा खोकला असेलच असं नाही. टीबीची तपासणी आणि औषधं या देशात सर्वांना मोफत आहेत, कागदपत्रं कोणतीही असोत. टीबी झाला म्हणून व्हिसा रद्द होत नाही. फुप्फुसाचा टीबी असला तरी साधारण दोन आठवडे नीट औषध घेतल्यावर बहुतेकांची लागण दुसऱ्याला होत नाही. क्लिनिकमधली नर्स पूर्ण औषधकाळ तुमच्या मागे असते. गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली की घाबरून फोन येतात. ते औषधाचं लक्षण आहे, घाबरायचं कारण नाही.

"घाबरणं" हा शब्द आला म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. साताऱ्याकडच्या एक आजी सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. एके दुपारी त्यांना कसंतरी व्हायला लागलं. घरात अकरा वर्षांचा नातू आणि सून. दोघं त्यांना घेऊन रुग्णालयात गेले. सून बाहेर फॉर्म भरत होती, म्हणून आत नातवाला विचारलं, आजी काय म्हणते? आजी म्हणत होत्या, "मला घाबरं घाबरं होतंय रे." नातवाने इमानदारीत भाषांतर केलं की आजी घाबरली आहे. मग तिकडची नर्स मायेने आजींचा हात धरून विचारत राहिली, कशाची भीती वाटते, घरी कोणी त्रास देतं का? त्या दिवशी आमच्यातली एक त्या मजल्यावर कामाला होती. मराठी शब्द कानावर पडला म्हणून ती थांबली. कपाळाला दरदरून घाम, चेहरा पांढरा, घाबरं होतंय. तिने लगेच सांगितलं की याचा अर्थ भीती नव्हे, जीव कासावीस होतो आहे. कार्डिओग्राम काढला. हार्ट अटॅक होता. छातीत दुखलंच नव्हतं. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत असं होऊ शकतं.

आजी वाचल्या. चूक कोणाचीच नव्हती. नर्सने जे ऐकलं त्याप्रमाणे ती वागली. पण चक्कर, पित्त, कणकण, मुरडा, धडधड, अंग मोडून येणं, हे आपले शब्द इंग्रजीत जसेच्या तसे जात नाहीत. "गॅस झाला" म्हणून इथे सांगितलं तर समोरच्याला भलतंच वाटतं! तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नक्की कुठे, केव्हापासून, काय केल्यावर होतं, हे घरूनच कागदावर लिहून न्या. दोन, जी.पी. असो वा रुग्णालय, दुभाषी मागा. त्याचे पैसे रुग्णाला पडत नाहीत. तीन, मुलांना दुभाषी करू नका. आजीच्या पोटाचं, आईच्या पाळीचं त्यांना नीट सांगता येत नाही आणि त्यांच्यावर तो भार टाकूही नये. छातीत दाटून येणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, असं काही दिसलं तर गाडी काढत बसू नका. सरळ ९९९ फिरवा.

याच आजींच्या निमित्ताने विम्याचंही बोलून घेऊ. आपण व्हिसा काढताना आरोग्याचा अधिभार भरतो. २०२४ पासून तो प्रौढ माणसाला वर्षाला १०३५ पौंड झाला. तो भरल्यामुळे आपल्याला रुग्णालयाचं बिल येत नाही. पण पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना तो लागू नाही. अपघात विभागातले उपचार त्यांनाही मोफत असतात. मात्र वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं, आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट असू शकतं. म्हणून विमा काढाच, आणि काढताना बी.पी. आणि साखर लपवू नका. लपवलं तर ऐनवेळी कंपनी हात वर करते. आईवडिलांनी येताना पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची मूळ रासायनिक नावं आणावीत. "ती गुलाबी गोळी, जेवणाआधीची" एवढ्या वर्णनावर इथला फार्मासिस्ट काही करू शकत नाही.

आता ज्याच्यासाठी वडे थांबवले आहेत तो मधुमेह. आपल्याकडे बारीक माणूस म्हणतो, "मला कशाला साखर होईल, मी काय जाडा आहे का?" त्याचं उत्तर लंडन आणि पुण्याने मिळून दिलेलं आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचेच फोटो छापले. उंची-वजनाचा हिशोब, ज्याला बी.एम.आय. म्हणतात, तो दोघांचा सारखाच, २२.३. म्हणजे दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! त्यांनी थट्टेत असंही लिहिलं होतं की एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावणं. मंडळी, आपल्यातले बहुतेक जण लिफ्टवालेच!

आपली चरबी पोटात साठते आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून इथे गोऱ्या माणसासाठी बी.एम.आय. २५ ला धोक्याची घंटा वाजते, तर दक्षिण आशियाई लोकांसाठी २३ लाच. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत हवी. मधुमेह आपल्या लोकांना तरुण वयातच गाठतो. त्यात नवीन आल्यावर काय होतं? चालणं कमी, ट्रेनमध्ये बसून बिस्किटं, रात्री नऊला भात, आणि एकटं राहणाऱ्यांचं रोज गोठवलेला पराठा. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांना इंग्लंडमध्ये दर पाच वर्षांनी मोफत आरोग्य तपासणीचं बोलावणं येतं. पण बोलावणं यायला आधी जी.पी.कडे नाव नोंदलेलं हवं!

आणि नेमकं तिथेच आपलं अडतं. "आजारी पडल्यावर बघू" हा आपला बाणा. नाव नोंदवायला इंग्लंडमध्ये पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्ती नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही नाव नोंदवता येतं. बँकेचं खातं आठवड्यात उघडतो, तसंच हेही आठवड्यात करा. नाव नोंदलेलं नसतं म्हणून मग लोक भारतातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या चाळतात आणि सर्दीलाही दोन गोळ्या घेऊन टाकतात. सर्दीवर त्यांचा उपयोग नाही. उलट, खरी गरज पडते तेव्हा त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात.

पुढचा विषय ऊन. आयुष्यभर आपण उन्हापासून पळालो. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" हे ऐकत मोठे झालो. इथे मात्र ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दिसला तरी त्याच्यात ड जीवनसत्त्व तयार करण्याइतका जोर नसतो. सावळ्या कातडीला तर जास्त ऊन लागतं. मासे-अंडी न खाणाऱ्यांना अन्नातूनही ते फारसं मिळत नाही, आणि अमेरिकेसारखं इथल्या साध्या दुधात ते घातलेलंही नसतं. कंबर, मांड्या, बरगड्या दुखणं, जिना चढताना पाय भरून येणं ही तक्रार घेऊन आपल्या बायका वर्षानुवर्षं बाम चोळत बसतात. ग्लासगोमध्ये आशियाई मुलांच्या पायांची हाडं वाकलेली डॉक्टरांना १९६० च्या दशकात दिसली आणि १९८१ साली मुडदूस हटवण्याची मोहीमच काढावी लागली. तेव्हा आपल्यासारख्यांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असा इथला सल्ला आहे. ती स्वस्त असते. बाळाचे थेंब मात्र हेल्थ व्हिजिटरला विचारून द्या. शाकाहारी मंडळींनी हातापायाला मुंग्या किंवा सततचा थकवा असेल तर बी-१२ ची तपासणीही मागून घ्यावी.

आता ज्या आजाराला मराठीत आपण नावच देत नाही त्याबद्दल. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. नवरा सातला घरी येतो. ओळखीचं कोणी नाही, शेजारी दार उघडत नाही. त्यात बाळंतपण आणि आईला व्हिसा मिळाला नाही. आमच्या बाळंतपण विभागातल्या मैत्रिणीने एका मुलीला मराठीतून विचारलं, "कशी आहेस गं?" ती "बरी आहे" म्हणाली, आणि मराठी ऐकून तिला जे रडू फुटलं ते अर्धा तास थांबलं नाही. दहात एकीहून अधिक बायांना बाळंतपणानंतरच्या वर्षात असं मनाचं दुखणं येतं. ते लाड नव्हेत आणि बाळाचा कंटाळाही नव्हे. त्याला उपचार आहेत. घरी येणारी हेल्थ व्हिजिटर वजन करायला येते, तशीच हे ऐकायलाही येते. इंग्लंडमध्ये मनाच्या समुपदेशनासाठी जी.पी.ची चिठ्ठीही लागत नाही, स्वतः नाव देता येतं. आणि अगदी टोकाचे विचार मनात येत असतील तर १११ ला फोन करून २ दाबायचं, रात्री-अपरात्रीही. पुरुषांचंही हेच. ते रडत नाहीत, ते "कामाचं टेन्शन आहे" म्हणतात आणि रोजची एक बाटली वाढते.

मंडळी, दुसऱ्याला सांगणाऱ्या आम्ही नर्स तरी काय वेगळ्या होतो? आमच्यातली एक आली ती जानेवारीत. साडेबारा तासांची पाळी, पायात दुखणं, परीक्षेची धास्ती आणि रात्री खोलीवर जाऊन एकटीने मॅगी. घरी फोनवर "मस्त चाललंय" म्हणायची. तिला तापाने फणफणलेली पाहून तिच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरने डब्यातून कांजी आणली. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण मऊ भाताची पेज तिला कळली. शंभर वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनात घरंदाज बायकांना नर्सिंगकडे वळवलं, तेव्हा लोकांनी नावं ठेवली. परक्याची सेवा करायला परकं घर गाठायचं म्हणजे काय, असं लोकांना वाटे. आज आम्ही सहा-सात हजार किलोमीटरवर येऊन तेच करतो आहोत. औषध डॉक्टर देतात. पण उशाशी कोणीतरी बसलं, की ते औषध पोटात जातं.

तुमच्याकडे आज आम्ही त्याच उशाशी बसण्यासाठी पैसे मागतो आहोत. हा निधी पुढील कामांसाठी आहे: नवीन आलेल्यांसाठी मराठी पत्रक छापणं, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात रक्तदाब आणि साखर तपासण्याचं टेबल मांडणं, आणि ज्याला कोणी नाही त्याच्याबरोबर रुग्णालयात जाणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण व त्यांच्या प्रवासाचा खर्च. आमचं काम आम्ही सुट्टीच्या दिवशी, विनामूल्य करतो. हिशोब दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे ठेवू.

पैशाशिवाय आणखी एक देणगी हवी. पुढच्या गणपतीत तुमच्या शेजारी कोणी खोकत असेल, वाळलेला दिसत असेल, कोपऱ्यात गप्प बसलेला असेल, तर त्याला आल्याचा चहा जरूर द्या. पण तो पिऊन होईपर्यंत तिथेच बसा आणि विचारा, "किती दिवस झाले? जी.पी.कडे नाव नोंदवलंस का? मी येऊ बरोबर?" तो मुलगा आज आमच्या समितीत आहे. दाराशी खुर्च्या मांडतोय तोच. नाव सांगायला त्याने मना केलं आहे, पण हे सांगायला परवानगी दिली आहे.

आता वडे खायला हरकत नाही. एकच घ्या, आणि घरी चालत जा!